शिबिर संपल्यावरचा जून

दहावीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत एकच विषय सुरू होतो. यंदा शिबिर कुठं, किती दिवसांचं आणि कोण कोण जाणार? या सदरालाही त्या सुमारास सगळ्यात जास्त पत्रं येतात. मी ३३ वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ तितकेच उन्हाळे शिबिरांत काढले. कधी स्वयंपाकाच्या बाजूला, कधी मुलींच्या खोलीत, कधी फळ्यापाशी. त्या अनुभवाच्या आधारानं चार पत्रांना उत्तरं देते. तिसऱ्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्या मुलाला घाईनं उत्तर देणं मला जमलं नाही.

आदरणीय बाईंना सलाम. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तरुण संघाचं चार दिवसांचं मुक्कामी शिबिर आहे आणि तिला जायचंच आहे. तिचे पप्पा म्हणतात, देवाचं काम आहे, पाठव. सासूबाई म्हणतात, वयात आलेली पोर चार रात्री बाहेर नको. मला दोघांचंही पटतं. चौकशी करायला जावं तर पाळकसाहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?
— एक आई, श्रीरामपूर

ताई, खुशाल चौकशी करा. आपलं लेकरू आपण कुणाच्या हवाली करतो हे विचारणं आईचं कामच आहे. चांगला पाळक अशा प्रश्नानं दुखावत नाही. उलट त्यालाही बरं वाटतं, कारण एका आईनं विचारलं की बाकीच्या दहा जणींना धीर येतो.

काय विचारायचं ते सांगते. मुलींच्या खोलीत रात्री कोण झोपणार? एकीनं भागत नाही, दोन मोठ्या बायका हव्यात, आणि त्यांची नावं आधी कळायला हवीत. संडास किती लांब आहे आणि तिथपर्यंत दिवा आहे का? ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण रात्री अंधारात जायला लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मेच्या उन्हात दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतात. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. साखर-मिठाचं पाणी करायचं प्रमाण प्रत्येक मोठ्या बाईला पाठ हवं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कुणी मोठा माणूस मुलाला किंवा मुलीला ‘प्रार्थनेसाठी’ एकटं बाजूला घेऊ शकतो का? उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं यायला हवं. वैयक्तिक बोलायचं असेल तर चार माणसांना दिसेल अशा झाडाखाली बसून बोलावं, मुलीशी बाईनंच बोलावं. आयोजकांना २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा माहीत आहे का, हेही विचारा. त्या कायद्यानं अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘मंडळीची अब्रू’ म्हणून ते प्रकरण आतल्या आत मिटवता येत नाही. मुलीला १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करायला लावा. चॉकलेटच्या कागदावर लिहून देऊ नका, पाठच करायला लावा.

आणि पाणी. शिबिराच्या जागेत विहीर, कालवा किंवा शेततळं आहे का? अकरा वर्षांपूर्वी आमचं शिबिर एका मळ्यात होतं. दुपारी सगळे आडवे झाले आणि तीन मुलं गुपचूप शेततळ्यावर गेली. त्यातला एक आत घसरला. शेततळ्यात खाली प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर पाय ठरत नाही. उथळ कडेलासुद्धा माणूस घसरत आतच जातो, पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. मळ्यावरच्या सालगड्यानं ओरडा ऐकून ठिबकची नळी फेकली, तिला धरून तो मुलगा बाहेर निघाला. त्या दुपारनंतर मी प्रत्येक जेवणाला आणि दुपारच्या विश्रांतीत दोनदा डोकी मोजते. आयोजकांनाही विचारा, तुमच्याकडे डोकी कोण मोजतं?

सासूबाईंना गप्प बसवू नका. त्यांची भीती हवेतली नाही. शक्य झालं तर शिबिराच्या आदल्या रविवारी त्यांना सोबत नेऊन जागा दाखवा, मुलींच्या खोलीत झोपणाऱ्या बायकांशी त्यांची गाठ घालून द्या. उत्तरं नीट मिळाली तर मुलीला जाऊ द्या. सोळाव्या वर्षी आई-बापाशिवाय, पण भल्या माणसांच्या नजरेखाली काढलेले चार दिवस मुलीला बरंच काही देतात. उत्तरं गुळमुळीत आली तर यंदा पाठवू नका, आणि का पाठवलं नाही ते मंडळीच्या पंचांना लेखी कळवा.

जय ख्रिस्त. मी मंडळीत पंच आहे, वय ७१. शिबिराहून पोरं आली की दोन-तीन रविवार कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी गाणी चालतात. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक कुणी हातात धरत नाही. कवी ना. वा. टिळकांची भजनं यांच्या कानांवर नाहीत. शिबिरात हेच शिकवायचं का?
— नेवासा तालुका

पंचसाहेब, तुमची कळकळ माझीही आहे. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकत मी मोठी झाले. पण एक गोष्ट आपण दोघांनीही आठवू या. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं, आणि सुरुवातीच्या काळात आपल्या देवळांत बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर गायली जात. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. तेव्हा ते तिशीतलेच होते. अभंग आणि ओवी त्यांनी देवळात आणली, आणि आपल्या मातीचा सूर ख्रिस्ताच्या नावाला लागला. ज्या भजनांना आज आपण ‘जुनी’ म्हणतो ती त्या काळची नवी गाणी होती, आणि एका तरुण माणसानं आणलेली होती.

मुलं ही भजनं सोडतात ती जुनी म्हणून नव्हे. अर्थ कुणी सांगितलेला नसतो. एका शिबिरात मी वीसेक मुलांना विचारलं, भजनातला ‘पातकी’ म्हणजे कोण? बराच वेळ शांतता. मग एक मुलगी हळूच म्हणाली, “थकलेला?” मला ते उत्तर चुकीचं म्हणवेना. त्यावरच आम्ही तासभर बोललो, आणि मग ते भजन गायलो. त्या दिवशी ते वेगळंच वाजलं.

माझी सूचना अशी की तुम्ही स्वतः शिबिराला जा. पहारेकरी म्हणून जाऊ नका, गायला म्हणून जा. आमच्याकडे एक आजोबा आपला डग्गा-तबला पिशवीत घालून आले होते. पहाटे साडेपाचला, मुलं डोळे चोळत बसलेली असताना, त्यांनी कुणालाही न सांगता भूपाळीच्या चालीवर सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला ड्रम वाजवणाऱ्या मुलानं काड्या बाजूला ठेवल्या आणि मांडीवर हातानं ठेका धरला. त्यानं तो ठेका आजोबांकडून दोन दिवस समजून घेतला. आज तोच मुलगा त्याच्या मंडळीत भजनाला तबला वाजवतो, आणि कीबोर्डही वाजवतो. दोन्हीला जागा आहे.

आवाजाची तक्रार मात्र तुम्ही जरूर करा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा हा कायदा आहे, आणि शेजारच्या वस्तीवरही कुणी आजारी, कुणी तान्हं असतं.

बाई, मी १९ वर्षांचा आहे, आयटीआय करतो. मागच्या मे महिन्यात शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटीपाशी मी हात वर केला, खूप रडलो, जीवन प्रभूला दिलं. घरी आल्यावर पहाटे उठून बायबल वाचायचो. जुलैपर्यंत सगळं संपलं. पुन्हा रात्रभर मोबाइल, पुन्हा पहिल्यासारखा. यंदा सगळे ‘चल’ म्हणतात, पण मला तोंड दाखवायची लाज वाटते. मागच्या वर्षीचं माझं खोटं होतं का?
— राहुरी तालुका

बाळा, खोटं नव्हतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

१९७४ च्या मे महिन्यात मी चौदा वर्षांची असताना माझं पहिलं शिबिर झालं. चिंचेच्या झाडाखाली, तट्ट्यांच्या आडोशाला. शेवटच्या रात्री मीही रडले होते. वहीत पाच वचनं लिहिली: रोज पहाटे प्रार्थना, आईला उलट बोलायचं नाही, धाकट्या भावाला मारायचं नाही, रोज एक अध्याय, आणि खोटं कधीच नाही. गणपतीच्या सुमाराला ती वही दप्तराच्या तळाशी सापडली. पाचांतलं एकही उरलं नव्हतं. मी वही चुलीत घालायला निघाले होते, इतकी मला स्वतःची चीड आली होती.

तेव्हा आमच्या पाळकीणबाईंनी मला एक काम दिलं. देवळात गीतांचे क्रमांक लावायची एक लाकडी पाटी होती. दर शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडून गीतांचे आकडे घ्यायचे, देवळात जायचं, पाटी पुसायची आणि आकडे लावायचे. एवढंच. पण मी गेले नाही तर रविवारी सगळ्या मंडळीला कळणार होतं की आकडे लागले नाहीत. रिकाम्या देवळात शनिवारची ती दहा मिनिटं माझी झाली. मी तिथं प्रार्थना करायला कधी लागले ते मला आठवत नाही. वहीतल्या पाच वचनांनी जे झालं नाही ते त्या पाटीनं केलं.

आता त्या रात्रीविषयी. शिबिरात चार दिवस मोबाइल नसतो, जेवण वेळेवर असतं, आपल्यासारखी पन्नास मुलं असतात, झोप कमी आणि गाणी भरपूर असतात. चौथ्या रात्री मन उघडंच असतं. त्या रडण्यात थोडा थकवाही असतो. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण एवढ्या एका रात्रीवर सगळं आयुष्य तोलायचंही नसतं. मी शिबिर घेणाऱ्यांना दरवर्षी विनवते की समर्पणाचं आवाहन रात्री अकराला, जागरणानं डोळे लाल झालेल्या मुलांना करू नका. सकाळी करा, न्याहारीनंतर, ऊन चढायच्या आत. आणि किती हात वर झाले ते मोजून अहवालात लिहू नका. हात मोजले की मुलांना वाटतं, हात वर केला म्हणजे काम झालं, आणि नाही केला म्हणजे आपण बाहेरचे.

मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाच. पेत्र डोंगरावर प्रभूचं तेज पाहतो आणि म्हणतो, आपण इथं तीन मंडप करू. त्याला तिथंच राहायचं होतं. पण प्रभू त्यांना खाली घेऊन आला, आणि खाली काय होतं? गर्दी, वादावादी, एक आजारी मुलगा आणि त्याचा रडकुंडीला आलेला बाप, आणि ज्यांना काहीच जमलं नव्हतं असे शिष्य. तुझा जुलै असाच होता. मग पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया दुसऱ्याच पानावर रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर.

आणि आपल्या घरातलंच उदाहरण हवं असेल तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांना स्वतःचा निर्णय घ्यायला पाच वर्षं लागली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पाच वर्षांत त्यांना कुणी खोटं म्हणू शकेल का?

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, आणि तिचा दोष तुझा नाही. जुलैपर्यंत तुझं सगळं संपलं, पण त्या दोन महिन्यांत तुझ्याकडे कोण आलं? आम्ही मोठी माणसं मे महिन्यात मुलांवर पैसे खर्च करतो, बस करतो, बॅनर लावतो, आणि जूनमध्ये तीच मुलं पेटलेली परत आली की त्यांना खुर्च्या उचलायला सांगतो. उपासनेत शास्त्रवाचन तेच तिघे वर्षानुवर्षं करतात. दानाच्या पेटीचा हिशोब तरुणांना दाखवत नाहीत. शिबिराहून आलेल्या मुलाला ‘काय शिकलास रे?’ असं स्टेजवर विचारतात, पण घरी बोलावून चहा देऊन विचारत नाहीत. सदर वाचणाऱ्या सगळ्या पाळकांना आणि पंचांना मी हे कळवळून सांगते आहे: शिबिराची तारीख ठरवायच्या आधी जूनमधली कामं ठरवा. कुणाच्या नावावर कोणतं काम, ते लिहा. तशी यादी जमत नसेल तर शिबिर पुढच्या वर्षी घ्या.

आता तुझ्यापुरतं. यंदा जा. लाज वाटते म्हणून घरी बसलास तर ती लाज वाढेल. जाताना नवी वचनं लिहू नकोस, एकही नाही. तिथं एक सोबती शोध, तुझ्याच गावचा किंवा सायकलच्या अंतरावरचा. आल्यावर आठवड्यातला एक वार ठरवा, समजा बुधवार, आणि त्या संध्याकाळी अर्धा तास एकत्र बसा. मार्कचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे, आठवड्याला एक घेतला तरी जूनमध्ये सुरू करून दिवाळीच्या आत संपतं. मोबाइल रात्री दहानंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, उशाशी नको. आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेबांकडे जाऊन काम माग. तू आयटीआयला आहेस, देवळाच्या वायरिंगकडे, पंख्यांकडे बघ. मंडळीत एखादी आजी असेल जिला आता डोळ्यांनी दिसत नाही, तिला आठवड्यातून एकदा बायबल वाचून दाखव. तुला वाचावंसं वाटत नसलं तरी ती वाट पाहत बसलेली असेल.

जुने मित्र तोडू नकोस. ‘पुन्हा पहिल्यासारखा’ म्हणजे नक्की काय, ते तू लिहिलं नाहीस. दारू किंवा मोबाइलवरचा जुगार असेल तर ते बुधवारच्या सोबत्याला खरं खरं सांग. आणि झोप येत नाही, जगूच नये असं वाटतं, असं असेल तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नकोस. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर फुकट आहे, कधीही लावता येतो. आणि मला पुन्हा पत्र लिही. जुलैमध्ये लिही.

बाई, मी तरुण संघाची सचिव आहे. शिबिराची फी ९०० रुपये आहे. आमच्याकडची निम्मी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि आत्ताच परतली आहेत, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही. फी माफ करतो म्हटलं तरी मुलं येत नाहीत, त्यांना कमीपणा वाटतो. आलीच तर मागं मागं राहतात. काय करू?
— पाथर्डी तालुका

बेटा, ‘माफ’ हा शब्दच काढून टाक. माफी गुन्ह्याला असते. सगळ्यांना सारखं पाकीट द्यायचं, आत जे जमेल ते घालून बंद करायचं, नाव लिहायचं नाही, आणि दारातल्या पेटीत टाकायचं. मग कुणी ९०० घातले, कुणी ५०, कुणी रिकामं टाकलं, ते कुणाला कळत नाही. कमी पडेल ते मंडळीनं आधीच बाजूला ठेवायचं. आम्ही ख्रिस्तजयंतीच्या दानातला एक भाग यासाठी राखून ठेवतो. धान्यही चालतं. एका घरातून पायलीभर बाजरी आली होती, ती आम्ही सगळ्यांच्या भाकरीत वापरली.

ही मुलं मागं राहतात त्याचं दुसरं कारण तुझ्या वेळापत्रकात आहे. दिवाळीच्या सुमाराला ती फडावर जातात, साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत त्यांची शब्बाथ शाळा, म्हणजे देवळातली रविवारची शाळा, बुडते. शिबिराच्या पहिल्याच सकाळी तू पाठांतराची स्पर्धा ठेवलीस की ती हरणारच, आणि मग चार दिवस तशीच राहणार. ती स्पर्धा काढून टाक. पहिली सकाळ हातांच्या कामाला दे.

आम्ही एका वर्षी तेच केलं. भाड्याचा मंडपवाला आला नाही, ऊन तापायला लागलं होतं, आणि साठ मुलं उघड्यावर. फडावरून परतलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा, जो आदल्या संध्याकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो उठून म्हणाला, “बाई, कोपी बांधू का? मोठी?” कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची राहायची झोपडी, फडावर ती त्यानं लहानपणापासून बांधलेली. त्यानं बांबू कसे वाकवायचे, गाठ कुठं मारायची ते इंग्रजी शाळेतल्या मुलांना दाखवलं, चुकलं की सोडून पुन्हा बांधायला लावलं. अकराच्या आत सावली झाली. त्या दिवशीचा पाठ मार्क नऊ होता, पेत्र आणि तीन मंडप. मी त्यालाच वाचायला दिला. अडखळत वाचला त्यानं, पण ‘मंडप’ शब्द आला तेव्हा त्यानं पुस्तकातून मान वर करून छपराकडे पाहिलं, आणि सगळी मुलं त्याच्याबरोबर वर पाहायला लागली.